जीभ फिरवून पाहा

वर्ध्यात मला नावानं ओळखणारे थोडेच आहेत. 'जीभ फिरवा डॉक्टर' असं म्हटलं, की मात्र बोरगाव मेघेतला कुठलाही ऑटोवाला तुम्हाला माझ्या दवाखान्यासमोर आणून सोडेल. हे नाव मी स्वतः कमावलेलं आहे. वाकड्या दातांना तारा लावणं हा माझा धंदा. दीड-दोन वर्षांनी तारा काढून झाल्या, की मी खुर्ची सरळ करायचो आणि पेशंटला सांगायचो, "आता दातांवरून जीभ फिरवून पाहा." पेशंट जीभ फिरवायचा, त्याचे डोळे मोठे व्हायचे आणि तो म्हणायचा, "एकदम गुळगुळीत." बाहेर बसलेल्यांनाही ते ऐकू जायचं. एकतीस वर्षं हा प्रयोग मी एकाही खाड्याशिवाय केला.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'दंतवैद्याचे गमतीदार अनुभव' लिहून मागितले आहेत. गमतीदार अनुभव माझ्याकडे पुष्कळ आहेत, पण त्यातली सगळ्यात मोठी गंमत माझ्यावरच झालेली आहे. तेव्हा तीच लिहितो.

आधी धंदा समजावून सांगतो, नाही तर पुढचं कळणार नाही. तार दातावर नुसती टेकत नाही. प्रत्येक दातावर एक छोटी टिकली चिकटवतात आणि तार त्या टिकल्यांमधून जाते. टिकली ज्यानं चिकटते त्याला पेशंट 'सिमेंट' म्हणतात, आपणही तेच म्हणू. उपचार संपला, की टिकली पकडीनं दाबून काढायची. ती निघते, सिमेंट दातावरच राहतं. ते खरवडून काढणं हे शेवटचं काम. बाहेरून पाहणाऱ्याला ते हमालीचं वाटतं, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटायचं.

आता यातली मेख अशी, की हे सिमेंट मुद्दाम दाताच्याच रंगाचं बनवलेलं असतं. दोन वर्षं ते दिसू नये म्हणून. आणि मग तेच सिमेंट आम्हाला शोधून काढावं लागतं, गरगर फिरणाऱ्या बारीक टोकाच्या मशीननं, पाण्याच्या फवाऱ्यात, ओठ आणि जीभ सांभाळत. सिमेंट कुठे संपलं आणि दात कुठे सुरू झाला, हे डोळ्याला कळत नाही. दाताच्या वरचं कवच म्हणजे इनॅमल. नखं वाढतात, केस वाढतात, मोडलेलं हाडसुद्धा जुळून येतं. इनॅमल एकदा गेलं, की ते परत येत नाही.

माझा हात हलका आहे अशी माझी ख्याती होती. लोक गिरडहून, आंजीहून, पार समुद्रपूरकडून यायचे आणि सांगायचे, डॉक्टर, तुमचा हात हलका आहे असं ऐकलं. मी मान लववून ते घ्यायचो. अख्ख्या तोंडाचं सिमेंट वीस मिनिटांत साफ, आणि पेशंटनं एकदाही 'हाय' म्हणायचं नाही. यातलं गुपित कोणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. इनॅमलला नस नसते. ते घासलं, कापलं, अर्धं उडवलं तरी दुखत नाही. माझ्या हलक्या हाताचं श्रेय त्या नसलेल्या नसेला होतं.

आणि जीभ? जीभ फक्त गुळगुळीत आहे की खडबडीत, एवढंच सांगते. सिमेंट तेवढं निघालं आणि दात शाबूत राहिला, तरी ती 'गुळगुळीत' म्हणते. सिमेंटाबरोबर दाताचा थरही गेला आणि वरून पॉलिश फिरवलं, तरी ती 'गुळगुळीत'च म्हणते. माझ्या कामाची मी नेमलेली परीक्षक ही अशी होती.

गेल्या वर्षी मी लेझरचं मशीन घेतलं. का घेतलं, याचं उत्तर मी लोकांना 'नवं तंत्रज्ञान' असं देत होतो. खरं म्हणजे रामनगरात नवीन आलेल्या तरुण डॉक्टरनं घेतलं होतं. मशीन विकायला नागपूरहून आलेल्या माणसानं माझ्या टेबलावर एक उकडलेलं अंडं ठेवलं, त्यावर पेनानं नक्षी काढली आणि लेझरनं ती नक्षी उडवून दाखवली. टरफलाला चरा नाही. "सर, देखो, टरफलाले काहीच होत नाही," असं तो तीनदा म्हणाला. मी अंडं हातात घेऊन फिरवलं आणि सवयीनं त्यावरून अंगठा फिरवला. गुळगुळीत होतं.

लेझर म्हटलं, की लोकांच्या डोळ्यांपुढे सिनेमातली लाल तलवार येते. माझ्याकडच्या लेझरचा प्रकाश डोळ्याला दिसतसुद्धा नाही. दिसतो तो फक्त वाट दाखवणारा लाल ठिपका. तो अदृश्य प्रकाश सिमेंटात शिरतो आणि त्याचा कणाकणानं थर उडवतो. टकटक असा आवाज येतो, वर पाण्याचा फवारा चालू राहतो, थोडा जळकट वास येतो. सिमेंट कमी ताकदीला उडतं, इनॅमलला जास्त लागते. ताकद त्या दोहोंच्या मधे ठेवली तर सिमेंट जातं आणि दात राहतो. चुकून जास्त ठेवली तर दातही जातो, आणि एकाच जागी रेंगाळलात तर आतल्या नसेला ऊब पोचते. म्हणजे मशीन चांगलं आहे, पण शहाणं नाही. ते पुन्हा आपणच असावं लागतं.

मी एक महिना दुपारी जेवणानंतर बरणीतल्या दातांवर हात बसवला. जागा करण्यासाठी काढलेल्या उपदाढा आम्ही बरणीत जपून ठेवतो. त्यांच्यावर टिकल्या चिकटवायच्या, काढायच्या, सिमेंट उडवायचं. पहिल्या दहा-बारा दातांवर खडूनं टिंब दिल्यासारखे पांढरे डाग पडले. बरणीतले दात तक्रार करत नाहीत. मशीनबरोबर एक जांभळ्या उजेडाची टॉर्च आणि डोळ्याला लावायचं भिंग आलं होतं. टॉर्चच्या उजेडात सिमेंट चमकतं आणि दात मंद राहतो. म्हणजे जे एकतीस वर्षं दिसत नव्हतं ते आता दिसू लागलं. तेव्हा मला फार आनंद झाला होता. त्या दिसण्याचा पुढे काय ताप होणार आहे, याची कल्पना नव्हती.

हात बसल्यावर मी दवाखान्याबाहेर फ्लेक्स लावला. 'लेझरद्वारे तारांचे सिमेंट काढून मिळेल. दाताच्या इनॅमलला कोणतीही इजा नाही.' खाली माझा कोट घातलेला फोटो.

फ्लेक्स वाचून पहिला आला तो आंजीचा गजानन सुतार. तीन वर्षांपूर्वी मीच त्याच्या तारा काढल्या होत्या. त्याचं म्हणणं असं, की पुढच्या दातांवर सिमेंट राहिलंय, पिवळं दिसतं, म्हणून त्यानं ते घरीच काढायचा प्रयत्न केला. कशानं, म्हणून विचारलं, तर झिरो नंबरच्या पॉलिश पेपरनं. मी खुर्चीतून उठलोच. दात म्हणजे काय पाट-चौरंग आहे का, इनॅमल एकदा गेलं की येत नाही, शिकलेला माणूस ना तू, असं मी त्याला दहा मिनिटं झापलं. तो तोंड उघडं ठेवून ऐकत होता, कारण मी त्याच्या तोंडात आरसा धरला होता.

मग मी भिंग लावलं. पॉलिश पेपरच्या खुणा आडव्या होत्या, अगदी वरवरच्या, पॉलिश फिरवलं तर जातील अशा. त्यांच्याखाली उभ्या रेघा होत्या, खोल, एकसारख्या अंतरावर, कपाशीच्या शेतातल्या सऱ्या-तासांसारख्या. आणि त्या तासांत खर्र्याचा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा, पिवळा रंग बसला होता. सिमेंट नव्हतंच. जांभळ्या टॉर्चखाली काही चमकलं नाही.

गजानननं छोटा आरसा हातात घेतला आणि बराच वेळ पाहिलं. "साहेब, लाकडावर रंध्याच्या खुणा राह्यल्या ना, त पॉलिश तिथंच जाऊन बसते," तो म्हणाला. "हे तसंच दिसून राह्यलं."

रंधा कोणाचा, हे त्यानं विचारलं नाही. माणूस म्हणून मला सांभाळून घेतलं, की डॉक्टर म्हणून मान राखला, कोण जाणे. मी त्याला खर्रा सोडायला सांगितलं, दात साफ करून दिले आणि वाटेला लावलं. त्या दिवशी मी भिंग कपाटात ठेवून दिलं आणि आठ दिवस काढलं नाही. एखाद्या दातावर होतं असं, असं मी स्वतःला सांगितलं. स्वतःला सांगताना मीही चांगला हलका हात लावतो.

त्यानंतर मंगला आली.

मंगला म्हणजे शाळेतली पोरं माझ्या 'जीभ फिरवून पाहा'ची नक्कल करतात, हे मला सांगणारी शिक्षिका. शाळेत विज्ञान शिकवते, गाव तिला मॅडम म्हणतं, पण नववीत असताना ती माझ्याकडे तारा लावायला यायची, त्यामुळे मी तिला अजून अगं-तुगंच करतो. तेव्हा तिचे बाबा तिला आंजीहून एसटीनं घेऊन यायचे. आता तिची मुलगी ऋचा सोळा वर्षांची झाली आहे आणि तिच्याही तारा मीच लावल्या आहेत. ऋचाच्या टिकल्या दाताच्या रंगाच्या, चिनीमातीसारख्या. त्या इतक्या घट्ट बसतात, की जोर लावून ओढल्या तर दाताचा टवका घेऊन येऊ शकतात. त्या काढायची वेळ आली होती.

मंगला आत आली ती फ्लेक्स वाचूनच. खुर्चीवर ऋचाला बसवलं आणि मला म्हणाली, "सर, बाहेर लिहिलंय, इनॅमलला इजा नाही. म्हणजे आधी होत होती का?"

सहा महिने तो फ्लेक्स बाहेर लटकत होता. शेकडो माणसं खालून गेली. हा प्रश्न मलाही पडला नव्हता. मी हसलो आणि म्हणालो, अगं, जाहिरातीत तसंच लिहितात.

तिला माझी जाहिरात तपासायची नव्हती. तिची काळजी वेगळी होती. तिला तेवीस वर्षं दातांना थंड लागतं. माठातलं पाणीसुद्धा कोमट करून पिते. आईस्क्रीम तिनं लग्नातसुद्धा खाल्लं नाही. सासूबाई सांगतात, सुनेच्या माहेरचे दातच कच्चे. आता त्या म्हणत होत्या, आईचे कच्चे दात नातीलाही आले असणार, त्यांच्यावर ते लेझर-बिझर नको, आहे तसं राहू द्या. ऋचा तारा काढून घ्यायला उतावीळ, आजी नको म्हणणारी, आणि मंगला मधे. "माह्यासारखं हिचं होऊ नये, एवढंच," ती म्हणाली. "आमच्या घराण्याचे दात कसे आहेत, ते तुमाले माहीत आहे."

मला माहीत होतं. कारण ते तिला मीच सांगितलं होतं. तारा काढल्यावर दोन-तीन महिन्यांनी ती थंड लागतं म्हणून आली होती, तेव्हा मी म्हणालो होतो, काही लोकांचं इनॅमल जन्मतःच पातळ असतं. पेस्ट लिहून दिली होती. तिचे बाबा शेजारी उभे होते. ते मला हात जोडून म्हणाले होते, "माहेच दात कच्चे आहेत, डॉक्टरसाहेब. पोरीले तेच लागले." आणि मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांची समजूत काढली होती. तुमची काय चूक त्यात, असं म्हणालो होतो. ते वाक्य मला चांगलं आठवतं, कारण म्हणताना मला माझाच चांगुलपणा जाणवला होता.

ऋचाचे दात पाहून झाल्यावर मंगला म्हणाली, माझेही एकदा पाहा ना, सर. नाही म्हणायला काही कारण नव्हतं. मी कपाटातून भिंग काढलं, तिच्या दातांवर हवेचा फवारा मारून ते कोरडे केले आणि पाहिलं.

तीच तासं होती. वरच्या पुढच्या सहाही दातांवर, हिरडीपर्यंत. हिरडीजवळ इनॅमल मुळातच पातळ असतं, तिथे ते जवळपास उरलंच नव्हतं. आणि सगळ्या रेघा एकाच बाजूला कलल्या होत्या. मी डावखुरा आहे. जिल्ह्यात तारांचं काम करणारा दुसरा डावखुरा डॉक्टर माझ्या माहितीत नाही. कागदावर करायची राहिलेली सही मी तिच्या दातांवर करून ठेवली होती. गजाननच्या दातांवरही रेघा तशाच कललेल्या होत्या, हेही तेव्हाच आठवलं. पाहिलं होतं, पण पाहायचं नव्हतं.

माझ्याकडे वाक्यं तयार होती. तेव्हा सगळेच डॉक्टर असं करायचे, हे त्यातलं पहिलं, आणि ते खरंही होतं. तेव्हा भिंग नव्हतं, टॉर्च नव्हती, हेही खरं. पण तिचे बाबा चार वर्षांपूर्वी गेले. आपल्यामुळे पोरीला थंड पाणी पिता येत नाही असं समजत गेले. मला मनापासून लाज वाटली, आणि लाज वाटताना खरी वाक्यंसुद्धा कामाला येत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

मी भिंग काढलं आणि सांगितलं. सिमेंट काढताना तुझं इनॅमल माझ्या हातून गेलं. ते जन्मतः पातळ नव्हतं. ऋचाचेही दात चांगले आहेत, तुझेही चांगले होते. सांगायला फार वेळ लागला नाही. तेवीस वर्षांच्या मानानं अगदीच कमी.

ऋचा आईकडे पाहत होती, मग माझ्याकडे, मग तिनं उगाच मोबाइल काढून परत ठेवला. मला वाटलं, आता मंगला मुलीला उठवेल आणि रामनगरच्या त्या डॉक्टरकडे घेऊन जाईल, आणि त्यात काहीच गैर नाही. पण मंगला म्हणाली, "बाबा असते त त्याइले सांगितलं असतं." एवढंच. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "लिहून द्या, सर."

आमच्या धंद्यात लिहून देण्याचं भय मोठं. मी आजवर हजारो दाखले दिले असतील, पेशंटला दोन दिवस विश्रांतीची गरज आहे, वगैरे. स्वतःच्या चुकीचा एकही नव्हता. मी लेटरहेड काढलं आणि मराठीत लिहिलं, की सौ. मंगला यांच्या दातांची झीज आनुवंशिक नाही. तार काढताना ती माझ्या हातून झाली आहे. तिनं वाचलं, 'आनुवंशिक नाही'खाली दोन रेघा मारायला लावल्या आणि म्हणाली, "शिक्का मारा. शिक्क्याशिवाय आमच्या घरी काई चालत नाई."

मी शिक्का मारला. ती ऋचाला घेऊन गेली. पुढची तारीख तिनं घेतली नाही, मीही विचारली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिडी मागवून फ्लेक्स उतरवला.

पंधरा दिवस फोन आला नाही. मग एका शनिवारी शाळा सुटल्यावर दोघी आल्या, ऋचा पुढे, मंगला मागे. बसता बसता मंगलानं सांगितलं, की सासूबाईंनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. पहिल्यांदा त्यांना वाटलं डॉक्टरचं डोकं फिरलं. मग त्यांनी विचारलं, तरी तू पोरीला त्याच्याकडेच नेणार? मी विचारलं, मग तू काय म्हणालीस?

"मी म्हटलं, ह्याच्या हातून काय चुकते ते ह्याले आता ठाऊक आहे," मंगला म्हणाली. "नव्या डॉक्टरले ते ठाऊक व्हायचंच आहे."

याला भरवसा म्हणतात की नाही, मला माहीत नाही. मी तो घेतला. दातांना काळे चष्मे लागत नाहीत, पण माणसांना लागतात, तेव्हा तिघांनीही संरक्षणाचे चष्मे घातले आणि काम सुरू केलं. एकेका टिकलीवर आधी लेझर, म्हणजे खालचं सिमेंट मऊ पडतं, मग पकड. टिकल्या न कुरकुरता निघाल्या. मग उरलेलं सिमेंट, कमी ताकदीवर, एका जागी न थांबता, मधूनमधून जांभळी टॉर्च लावून. एका दाताला जेवढा वेळ लागला तेवढ्यात पूर्वी मी अर्धं तोंड संपवलं असतं. ऋचा दोनदा पेंगली. माझा हात हलका नव्हता, घाबरलेला होता, आणि मला वाटतं घाबरलेलाच बरा.

शेवटी खुर्ची सरळ केली. एकतीस वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं, "आता जीभ फिरवून पाहा."

ऋचानं जीभ फिरवली, तिचे डोळे मोठे झाले. "एकदम गुळगुळीत," ती म्हणाली.

"तुह्या जिभेचं राहू दे," मंगला म्हणाली. "सर, ते भिंग आन् टॉर्च द्या मले."

एवढ्या वर्षांत माझं काम कोणी तपासलं नव्हतं. मी भिंग तिच्या डोक्यावर बसवून दिलं, खुर्चीचा दिवा मालवला आणि बाजूला उभा राहिलो. ती उत्तरपत्रिका तपासायला बसल्यासारखी बसली. वरच्या उजव्या बाजूनं सुरुवात, एकेक दात, घाई नाही. मधे एकदा ती थांबून मागच्या दातावर परत गेली. एकसष्टाव्या वर्षी मी निकालाची वाट पाहत होतो.

"खालच्या डाव्या सुळ्यावर थोडं सिमेंट राह्यलं," ती म्हणाली.

मी वाकून पाहिलं. खरंच होतं, तिळाएवढं, टॉर्चखाली चमकत. जन्मभर जास्त काढलं, आणि आता भीतीपायी कमी पडलो होतो. दोन मिनिटांचं काम, काढून टाकतो, असं म्हणून मी हात पुढे केला. तो हात लेझरकडे गेला नाही. त्यानं सवयीनं जुनं, गरगर फिरणारं मशीन उचललं. मला ते कळायच्या आत मंगलाला कळलं. तिनं माझं मनगट धरलं, रागानं नाही, वर्गात पोराचा हात धरतात तसं.

"आज राहू द्या, सर. राह्यलेलं पुढच्या खेपेला काढता येते."

मी मशीन जागेवर ठेवलं आणि तिला पुढच्या शनिवारची तारीख दिली.